पाण्याची पैमाईश

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे, आणि भाऊबंदकीच्या तंट्यात समेट घडवून आणणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ती म्हण आजही शोभून दिसते. परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहू गेल्यास तीत एक उणीव राहून गेली आहे, ती ही की काठी फार जाड असते आणि फार संथ चालते. तिच्या जागी ज्याने आपले काही किंवा सर्व इलेक्ट्रॉन गमावलेले आहेत असा एखादा अणू, म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ आयन म्हणतात तो, घेतला आणि सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाने त्याला पाण्याच्या रेणूजवळून जाऊ दिले, तर पाणी दुभंगते, प्रसंगी तिभंगते, आणि त्याचे तुकडे चहूकडे उधळतात. हे तुकडे कोणते, किती, आणि कोणत्या वेगाने उधळले, याचा बारकाईने हिशेब ठेवणारी एक विद्या आहे. तिची महती गाण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. तिच्यावाचून आपले काय अडते, एवढेच येथे सांगायचे आहे.

हा विषय वर्तमानपत्रात आणण्यास निमित्त झाले ते आमच्या आळीतील अण्णांच्या एका प्रश्नाचे. अण्णा भूमि-अभिलेख खात्यात मोजणीदार होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली असली तरी बांधाच्या एका वितीसाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसे त्यांनी इतकी पाहिली आहेत की, कोणतीही गोष्ट ऐकली म्हणजे तिचा नकाशा व फाळणीबारा मागण्याची त्यांना सवय जडली आहे. माझा एक जुना विद्यार्थी एका संशोधनशाळेत आयन आणि पाण्याचे रेणू यांच्या संघातांवर प्रबंध लिहीत आहे, हे मी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितले, तेव्हा चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, “मास्तर, मार्च सरत नाही तोच टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी गावे या राज्यात आहेत. त्यांना प्यायला पाणी मिळेना, आणि तुमचा शिष्य चार वर्षे सरकारी खर्चाने पाणी फोडत बसला आहे!”

या आक्षेपात उपहास असला तरी अन्याय नाही. ज्या देशात सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक रुपयावर दहा रास्त मागण्यांचा हक्क पोहोचतो, तेथे अकरावी मागणी घेऊन येणाऱ्याने आपली कैफियत स्वच्छ भाषेत मांडलीच पाहिजे. ती मांडण्यापूर्वी मूळ घटना काय आहे ते पाहू.

पाण्याचा रेणू म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला सुमारे साडेएकशेचार अंशांच्या कोनात बिलगलेले दोन हायड्रोजन. या तिघांच्या संसारात एकूण दहा इलेक्ट्रॉन असतात, आणि ते जणू पाच दालनांत दोन-दोन असे राहतात. सर्वांत बाहेरच्या दालनातील जोडी सैल असते. तिच्यातील एकाला बाहेर काढण्यास 12.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. दुसऱ्या दालनाला 14.7 लागतात, तिसऱ्याला 18.5, चौथ्याला सुमारे 32, आणि सर्वांत आतल्या, ऑक्सिजनच्या केंद्रकाला चिकटून असलेल्या दालनाला 540 च्या आसपास. ही आकडेमोड रुक्ष वाटेल. पण घर टिकणार की कोसळणार हे तिच्यावरच अवलंबून असते. पहिल्या दालनातील इलेक्ट्रॉनांचा घराच्या बांधणीशी फारसा संबंध नसल्यामुळे त्यातला एक गेला तरी रेणू, एक धन प्रभार अंगावर घेऊन का होईना, उभा राहतो. दुसऱ्या दालनातला गेला तरी बहुधा निभावते. तिसऱ्या दालनातले इलेक्ट्रॉन मात्र ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना जोडणाऱ्या तुळयाच असल्यामुळे तेथे हात पडला की घर खचते आणि एक हायड्रोजन निखळून बाहेर फेकला जातो. आणि एकाच आघातात दोन इलेक्ट्रॉन गेले, तर रेणूच्या अवयवांवर साचलेले धन प्रभार एकमेकांना असे काही झिडकारतात की त्या प्रकाराला शास्त्रज्ञांनी स्फोट हेच नाव दिले आहे.

आता जवळून जाणारा आयन काय करतो ते पाहा. त्याच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: इलेक्ट्रॉनाला धक्का देऊन रेणूबाहेर हाकलून देणे, किंवा त्याला स्वतःच पकडून बरोबर घेऊन जाणे. पहिल्याला आयनीभवन म्हणतात. दुसऱ्याला इलेक्ट्रॉन-ग्रहण म्हणत असले तरी त्याला अपहरण म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. रेडियममधून निघणारे अल्फा कण वाटेत इलेक्ट्रॉन पकडतात आणि सोडतात यासंबंधीचे आपले प्रयोग रदरफर्डने 1924 साली प्रसिद्ध केले. 1927 मध्ये थॉमसने या अपहरणाची मीमांसा जुन्या गतिशास्त्राच्या आधारे केली. आणि पुढे अणुबॉम्बच्या संदर्भात ज्याचे नाव जगभर झाले त्या ओपनहायमरने, अवघ्या चोविसाव्या वर्षी, 1928 मध्ये याच विषयावर नव्या पुंजयांत्रिकीच्या साहाय्याने निबंध लिहिला. म्हणजे ही विद्या कालची नव्हे. शतकभर ती मोठ्या माणसांच्या हातून गेली आहे, आणि तरीही पुरी झालेली नाही.

अपहरण केव्हा सुलभ होते? आयनाचा वेग इलेक्ट्रॉनाच्या स्वतःच्या कक्षेतील वेगापेक्षा कमी किंवा त्याच्या तोडीचा असेल तेव्हा. धावत्या गाडीत चढणाऱ्या मनुष्याप्रमाणे इलेक्ट्रॉनालाही गाडी फार वेगात असली तर उडी घेणे जमत नाही. प्रोटॉनाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या हायड्रोजनच्या, बाबतीत ही सीमारेषा पंचवीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या आसपास येते. तिच्या खाली अपहरणाचे प्राबल्य, तिच्या बरेच वर धक्क्याचे, आणि अतिवेगाच्या टोकाला तर वेग दुप्पट झाला की अपहरणाची शक्यता हजारो पटींनी घटते. त्यातही प्रोटॉन आणि पाणी यांची जोडी विलक्षण जमते. प्रोटॉनाने इलेक्ट्रॉन पकडला की तो हायड्रोजन बनतो आणि त्या इलेक्ट्रॉनाला 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बंधनाने बांधून घेतो. पाण्याने तोच इलेक्ट्रॉन 12.6 च्या बंधनाने धरलेला होता. दोन पेठांतल्या भावांत इतका थोडा फरक असेल तर माल एका पेठेतून दुसरीत जाण्यास कितीसा वेळ लागणार?

ही शक्यता मोजण्याचे परिमाण कोणते, हे सांगितले तेव्हा अण्णा प्रथमच खुर्चीत पुढे सरकून बसले. ते परिमाण क्षेत्रफळाचे आहे. शास्त्रज्ञ त्याला काटछेद म्हणतात: येणाऱ्या आयनाच्या वाटेत रेणू जणू किती चौरस जागा अडवून बसला आहे, त्याचे माप. मंदगती प्रोटॉनाने पाण्याचा इलेक्ट्रॉन पकडण्याचा काटछेद हा एका चौरस सेंटीमीटरला, भास्कराचार्यांच्या लीलावतीतील संख्यास्थानांत ज्याला ‘अंत्य’ म्हटले आहे त्या, म्हणजे एकावर पंधरा शून्ये असलेल्या, संख्येने भागल्यावर जे येईल त्याच्या आसपास भरतो. गंमत अशी की रेणूचे प्रत्यक्ष अंग याहून थोडे लहानच आहे. अंगाला हात न लावता, शेजारून जाता जाता, इलेक्ट्रॉन नेला जातो. आणि आयनावरील प्रभार जितका मोठा, तितके हे क्षेत्र विस्तारत जाते. अण्णा हसून म्हणाले, “म्हणजे ताबा एवढ्याचा आणि अतिक्रमण तेवढ्याचे!” माझ्या सर्व विवेचनाचा सारांश त्यांच्या खात्याच्या भाषेत असा एका वाक्यात निघाला.

ही पैमाईश होते कशी, ते मी त्या विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत एक दिवसभर बसून पाहिले आहे. पोलादाचे एक बंद पात्र, त्यातील हवा पंपांनी अखंड उपसून काढलेली. एका बाजूने आयनांचा झोत, दुसऱ्या बाजूने सुईसारख्या बारीक नळीतून येणारे पाण्याचे बाष्प, आणि जेथे दोघांची गाठ पडते तेथून तुकडे ओढून नेणारे विद्युत्क्षेत्र. हलका तुकडा लवकर पोहोचतो, जड तुकडा उशिरा; पोहोचण्याच्या वेळेवरून त्याचे वस्तुमान ओळखायचे. ऐकायला हे सोपे आहे. परंतु ज्याच्यावर प्रयोग करायचा ते पाणीच प्रयोगकर्त्याचा सर्वांत मोठा वैरी असते, हे तेथे गेल्यावर कळते. पाणी पात्राच्या भिंतीला असे चिकटून बसते की भिंती तापवून तापवून त्याला घालवावे लागते. वापरावयाच्या ऊर्ध्वपातित पाण्यातही हवा विरघळलेली असते. म्हणून तो मुलगा काचेच्या नळीतील पाणी शून्याखाली 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवी, वरची हवा पंपाने काढून घेई, मग नळी तळहातात धरून बर्फ हळूहळू वितळू देई, आणि त्यातून हवेचे बुडबुडे वर आले की पुन्हा गोठवी. तीन वेळा, कधी चार वेळा. पडद्यावर 16, 17 आणि 18 या वस्तुमानांची तीन शिखरे एकमेकांना खेटून उभी होती: ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल आणि अखंड पाणी. सोळाच्या शिखरातील किती भाग पाण्याच्या विघटनातून आला आणि किती चुकून राहिलेल्या हवेतून, याचा निवाडा करण्यासाठी तो बाष्प बंद करून, निव्वळ रित्या पात्रावर, तितकाच वेळ पुन्हा मोजत बसला. मी विचारले, “बाळ, एका आकड्याला किती दिवस लागतात?” तो म्हणाला, “बीम नीट मिळाला तर आठवडा, सर. पण आकडा लागायला आठवडा आणि त्यावर विश्वास बसायला वर्ष.”

इतक्या सायासाने मिळालेल्या आकड्याचे पुढे होते काय? दोन उदाहरणे देतो. एक आकाशातले, एक देहातले.

1996 च्या मार्चमध्ये ह्याकुताके नावाचा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे दीड कोटी किलोमीटरांवरून, म्हणजे धूमकेतूंच्या हिशेबाने अगदी अंगणातून, गेला. ध्रुवताऱ्याच्या बाजूला पसरलेला त्याचा फिकट पिसारा मी गावाकडच्या गच्चीवरून पाहिल्याचे स्मरते. त्याच सुमारास रोसॅट नामक जर्मन उपग्रहाने आपली दुर्बीण त्याच्याकडे वळवली, आणि त्या हिमगोलातून क्ष-किरण येत असल्याचे दिसून आले. ही वार्ता चक्रावून टाकणारी होती. क्ष-किरण म्हणजे लक्षावधी अंश तापलेल्या द्रव्याचे लक्षण; आणि धूमकेतू म्हणजे धूळमिश्रित बर्फाचा गोळा. बर्फातून ज्वाळा निघाव्यात तसा हा प्रकार. उलगडा पुढच्याच वर्षी क्रेव्हन्स या शास्त्रज्ञाने केला. सूर्यातून सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने जो कणांचा वारा वाहतो त्यात बहुतेक प्रोटॉन असले, तरी सहा-सात इलेक्ट्रॉन गमावून बसलेले ऑक्सिजन आणि सारे इलेक्ट्रॉन गमावलेले कार्बन यांचीही अत्यल्प भेसळ असते. हे निर्धन झालेले आयन धूमकेतूभोवतीच्या बाष्पात शिरले की पाण्याच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. पण तो इलेक्ट्रॉन प्रथम वरच्या मजल्यावर पडतो, आणि तेथून खाली उतरताना आपली जास्तीची ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने सोडून देतो. धूमकेतू थंडच होता; प्रकाश या लुटीचा होता. पुढे 2014 ते 2016 या काळात रोझेटा यान चुर्युमोव्ह–गेरासिमेंको या धूमकेतूच्या संगतीत राहिले, तेव्हा सौर वाऱ्यातील हीलियमने वाटेत एक इलेक्ट्रॉन पकडून आपला निम्मा प्रभार गमावल्याचे त्याच्या उपकरणांनी तेथल्या तेथे टिपले. त्या खुणांवरून धूमकेतूभोवती बाष्प किती आहे याचा अंदाज बांधता येतो. पण तो बांधणाऱ्याच्या हाती काटछेदाचा कोष्टकवार आकडा असेल तरच.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे, आणि अधिक गंभीर. 1904 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे विल्यम हेन्री ब्रॅग याला असे दिसून आले की अल्फा कण आपली ऊर्जा वाटेभर सारखी उधळीत जात नाही. प्रवासाच्या शेवटी, थांबण्याच्या बेतात असताना, तो सर्वांत मोठा खर्च करतो. या स्वभावाचा उपयोग कर्करोगाच्या गाठीवर करून घेता येईल, प्रोटॉन वाटेतील निरोगी भागाला तुलनेने कमी उपद्रव देऊन नेमका गाठीत आपला भार रिता करील, हे रॉबर्ट विल्सनने 1946 साली लिहिले, आणि 1954 मध्ये बर्कली येथे पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. आज चेन्नईत 2019 पासून आणि आपल्या खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या आवारात, 2023 पासून हे उपचार होत आहेत. 230 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे तेहेतीस सेंटीमीटर शिरतो. पाण्यात म्हणण्याचे कारण असे की मनुष्यदेह मुख्यतः पाणीच आहे, आणि या साऱ्या विद्येचे मानदंड पाण्यावरच बेतलेले आहेत.

त्या तेहेतीस सेंटीमीटरांच्या वाटेवर बहुतांश खर्च धक्क्यांतच होतो. इलेक्ट्रॉन-अपहरणाचा अंमल सुरू होतो तो अगदी अखेरीस, प्रोटॉनाची ऊर्जा एक लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली उतरल्यावर, जेव्हा त्याच्यापुढे दीडेक मायक्रॉनचीच वाट, म्हणजे एका सामान्य पेशीच्या सहाव्या हिश्श्याइतकी, शिल्लक असते. तेवढ्या अंतरात तो कधी इलेक्ट्रॉन पकडून हायड्रोजन होतो, कधी तो सोडून पुन्हा प्रोटॉन होतो. एकूण मात्रेच्या जमाखर्चात ही रक्कम लहान आहे हे कबूल केले पाहिजे. तथापि कार्बनसारख्या जड आयनांच्या बाबतीत हा फेरफार बराच आधी सुरू होतो, आणि शिवाय पेशीची हानी कोठे व कशी होते हे वाटेच्या शेवटच्या टोकालाच सर्वांत निकडीचे ठरते. दुभंगलेल्या पाण्याची करणी तेथेच दिसते. द्रव पाण्यात ज्या रेणूचा इलेक्ट्रॉन गेला, तो एका सेकंदाचे दहा लक्ष कोटी भाग केले असता त्यातील एका भागाच्या आतच आपला एक प्रोटॉन शेजाऱ्याच्या गळ्यात बांधतो आणि मागे हायड्रॉक्सिल नावाचा निष्प्रभार पण विलक्षण झोंबरा मूलक उरतो. पेशीच्या जनुकसूत्रावर तुटून पडणाऱ्यांत तोच अग्रणी असतो. गाठीत तो हवा असतो, गाठीपलीकडच्या मज्जारज्जूत नको असतो, आणि या दोहोंत अंतर कधी कधी मिलिमीटरांचेच असते.

म्हणून उपचाराची आखणी करणारे गणित पाण्याविषयीच्या मोजमापांवर उभे असते. यांपैकी एक मोजमाप पाण्याच्या सरासरी उत्तेजन-ऊर्जेचे आहे. ते अपहरणाचे नव्हे, पण त्याच दफ्तरातले आहे: वेगवान कण पाण्यात किती लवकर दमेल हे त्यावरून काढतात. प्रारणांच्या मोजमापांसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1993 च्या आपल्या अहवालात हा आकडा 75 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असा ग्राह्य धरला होता. नव्या मोजमापांच्या आधारे अलीकडच्या अहवालात तो 78 करण्यात आला. तीन एककांचा फरक. परंतु तीस सेंटीमीटर खोलीवर तेवढ्याने गणितातील मुक्काम दीडेक मिलिमीटर सरकतो. रुग्णालयात झोताचा पल्ला पाण्याच्या टाकीत प्रत्यक्ष मोजून घेतात, त्यामुळे आकड्याची चूक थेट रुग्णावर जाऊन आदळत नाही, हे खरे. पण शरीर ही टाकी नव्हे, त्यात हाड आहे, चरबी आहे, हवेच्या पोकळ्या आहेत, आणि या अनिश्चिततेपोटी डॉक्टरांना गाठीभोवती पल्ल्याच्या सुमारे साडेतीन टक्के व वर आणखी एखाद-दोन मिलिमीटर इतकी निरोगी जागा हिशेबात धरावी लागते. हा बांध जितका अरुंद करता येईल तितका निरोगी देह वाचेल; आणि बांध अरुंद होतो तो मोजणी सुधारल्यानेच. त्याचप्रमाणे प्रोटॉनांचा जैविक परिणाम क्ष-किरणांच्या 1.1 पट असे सरसकट धरण्याची प्रथा आहे. वाटेच्या अखेरीस तो त्याहून वाढतो हे ठाऊक असूनही प्रथा चालू आहे, कारण तिच्या जागी बसवावा असा सर्वमान्य आकडा अद्याप सिद्ध झालेला नाही. आणखी एक गोष्ट अशी की रेणूच्या विघटनाची बहुतेक मोजमापे बाष्पावर झालेली आहेत. देहात पाणी द्रव आहे. या दोहोंमधील ओढ्यावर सिद्धान्ताचे साकव टाकलेले आहेत, पण पक्का पूल व्हायचा आहे.

येथे अण्णांना मी त्यांच्याच खात्याच्या इतिहासाची आठवण करून दिली. पेशवाईनंतर पुणे प्रांताची जमाबंदी करण्यास कंपनी सरकारने प्रिंगल नावाचा अधिकारी नेमला. तो विद्वान होता. अर्थशास्त्राचा ताजा सिद्धान्त त्याने विलायतेहून बरोबर आणला होता, आणि प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर धारा बसवण्याची त्याची पद्धत कागदावर निर्दोष होती. सदोष होती ती मोजणी. चुकीच्या क्षेत्रावर, चुकीच्या प्रतीवर, चुकीचा धारा बसला; शेतकरी नागवला, जमिनी पडीक पडल्या, आणि अखेर 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांना सारे काम नव्याने हाती घ्यावे लागले. पुढे मुंबई इलाख्यात जी मोजणी-पद्धती रूढ झाली तिचा उगम या फेरमोजणीत आहे. सिद्धान्त उत्तम असून आकडा खोटा असला तर त्याचे प्रायश्चित्त सिद्धान्तकार घेत नाही. ते शेताच्या बांधावर बसलेल्या माणसाला घ्यावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे. खारघरचे आणि चेन्नईचे यंत्र बेल्जियमहून आले. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, रोग्याला यंत्राचे गोत्र विचारायचे नसते. परंतु यंत्र विकत घेता येते तशी मोजणीची विद्या विकत घेता येत नाही. कोष्टके दुसऱ्यांनी केलेली वापरावीत, कारण ज्ञान ही सर्व जगाची सामाईक मालमत्ता आहे. मात्र ज्याला स्वतः मोजणीची साखळी धरता येत नाही त्याला दुसऱ्याच्या मोजणीवर हरकत घेता येत नाही, आणि तिच्यावर खऱ्या अर्थाने विश्वासही ठेवता येत नाही. त्याचा तो विश्वास नव्हे. ती निरुपायाची संमती होय.

ही साखळी आपल्याकडे मुळीच नाही असे नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वेगवान कार्बन आयनांनी पाण्याच्या बाष्पाचे काय होते याची मोजमापे झाली आहेत. दिल्लीचे आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्र आणि अहमदाबादची भौतिकी संशोधनशाळा यांतही आघाताने फुटणाऱ्या रेणूंचा अभ्यास चालतो. उणीव आहे ती सातत्याची. संशोधन व विकास यांवर आपला देश आपल्या एकूण उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो असे सरकारी आकडे सांगत आले आहेत, आणि या तुटपुंज्या ताटातही पहिला घास भव्य, उद्घाटनयोग्य वस्तूंना मिळतो. माझ्या त्या विद्यार्थ्याचा एक पंप नादुरुस्त झाला. त्याच्या सुट्या भागाचे प्रकरण टेबलामागून टेबल फिरत आठ महिन्यांनी मंजूर झाले, आणि तोवर त्याच्या वाट्याची झोताची पाळी निघून गेली होती. अधिकारी दुष्ट नव्हते. त्यांच्या नियमांत खुर्ची, पंखा आणि निर्वात पंप ही तिन्ही एकाच वर्गातली खरेदी होती. अशा स्थितीत माझ्या मागण्या मोठ्या नाहीत: चालू प्रयोगाच्या दुरुस्तीची रक्कम प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या सहीने खर्च व्हावी, तंत्रज्ञांच्या जागा कायम असाव्यात, कारण पात्राला गळती कोठे लागली हे हाताला कळते, पुस्तकाला कळत नाही, शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला मिळावी, आणि सरकारी पैशाने केलेले प्रत्येक मोजमाप, फसलेले असले तरी, कोणालाही पाहता येईल अशा दफ्तरी रुजू व्हावे. ज्या रुग्णालयांना आयनांचा झोत लाभला आहे त्यांनी रात्रीचे काही तास, यंत्र रुग्णांना लागत नसताना, अशा मोजणीला द्यावेत, हीही मागणी अवास्तव नाही.

टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला यातून पाणी मिळणार नाही, हे मी अण्णांकडे मोकळ्या मनाने कबूल केले. त्या गावाचा हक्क पहिला आहे, आणि या कामावरील खर्च बंद केल्याने तो पुरा होईल असे ज्याला वाटत असेल त्याने दोन्हींचे अंदाजपत्रक शेजारी शेजारी मांडून पाहावे. पण त्याच गावातील बाई गाठीचे दुखणे घेऊन उद्या शहरात येईल तेव्हा तिच्या मज्जारज्जूपासून झोत किती अंतरावर थांबवायचा हे कोणत्या तरी आकड्यावरून ठरणार आहे, आणि तो आकडा खरा असण्याचा हक्कही तिचाच आहे.

अण्णांनी सारे ऐकून घेतले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, “पंचाहत्तराचे अठ्ठ्याहत्तर झाले ते कोणाच्या अर्जावरून?”

“ज्यांनी पुन्हा मोजले त्यांच्या,” मी म्हणालो.

“म्हणजे फेरमोजणीच.” ते काही वेळ गप्प राहिले. उठता उठता म्हणाले, “लिहा तुम्ही. पण एक गोष्ट त्यात घालायला विसरू नका, मास्तर. फेरमोजणीला फी लागते, आणि ती अर्जदारानेच भरायची असते.”